उन्हाच्या देशातील परका वेश : एकोणिसाव्या शतकातील इजिप्त आणि तेथील प्रवासी

१/ कडक उन्हाच्या, आणि त्यातही अंग झाकून वावरण्याची रीत असलेल्या देशात परक्या प्रवाशाने कोणता पोशाख करावा? प्रश्न सहलीच्या सामानाच्या यादीतला वाटतो. परंतु एकोणिसाव्या शतकातील इजिप्तमध्ये या प्रश्नापायी माणसांनी नावे बदलली, उपदेशपर पुस्तके लिहिली, आणि काहींनी प्राणही गमावले. आजचा धागा त्या वेशाच्या इतिहासाचा. जरा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ आरंभ प्राण गमावणाऱ्यांपासून करू. जुलै १७९८ च्या प्रारंभी नेपोलियन बोनापार्टचे सैन्य अलेक्झांड्रियाजवळ उतरले आणि दमनहूरच्या वाळवंटी वाटेने कैरोकडे निघाले. अंगावर युरोपातील मोहिमांसाठी शिवलेले जाड लोकरी गणवेश, गळ्याशी आवळलेले, पाठीवर ओझे, वाटेतल्या विहिरी कोरड्या किंवा बुजवलेल्या. कित्येक सैनिक उन्हाने आणि तहानेने वाटेतच कोसळले. काहींनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. २१ जुलैला पिरॅमिडांची लढाई फ्रेंचांनी जिंकली खरी, पण तोवर उन्हाने त्यांची पुरती दमछाक केली होती. पुढे या सैन्यासाठी सुती गणवेश शिवावे लागले.

३/ याच मोहिमेतील आणखी दोन प्रसंग. बोनापार्टचा चिटणीस बूरिएन लिहितो की सेनापतीने एकदा तुर्की पोशाख चढवून पाहिला. तो त्याला इतका विजोड दिसला की जवळचे लोक हसले, आणि त्याने तो पुन्हा कधी घातला नाही. याउलट जनरल मनू याने इस्लाम स्वीकारला, अब्दुल्ला हे नाव घेतले आणि रशीद गावच्या एका स्त्रीशी विवाह केला. तो स्वतःच्याच सैनिकांच्या थट्टेचा विषय झाला. कापड बदलणे आणि माणूस बदलणे यांतील सीमारेषा कोठे आहे, हा पेच येथे पहिल्यांदा दिसतो.

४/ पुढील सर्व हकिकतींत प्रवाशापुढे तीन प्रश्न एकाच वेळी उभे असतात. पहिला उन्हाचा : देह कसा तगवावा? दुसरा मर्यादेचा : ज्यांच्यात जायचे त्यांना संकोच वाटणार नाही असे कसे वावरावे? तिसरा ओळखीचा : या कपड्यांत मी कोण म्हणून गणला जाईन? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर इजिप्तच्या लोकांनी केव्हाच शोधून ठेवले होते. परक्यांना ते घेता येईना, याला कारण तिसरा प्रश्न.

५/ ते उत्तर काय होते, हे एडवर्ड विल्यम लेन या इंग्रजाने बारकाईने टिपून ठेवले आहे. तो १८२५ मध्ये इजिप्तला आला. पुढे १८३३ ते १८३५ या काळात पुन्हा राहिला. १८३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात कैरोकरांच्या वस्त्रांचे सविस्तर वर्णन आहे. सधन पुरुषाच्या अंगी सैल विजार, मोकळ्या बाह्यांचा सदरा, त्यावर पायघोळ काफ्तान, कमरेला शेला, वर उघडा झगा आणि डोक्याला फेटा. शेतकऱ्याकडे यांतले फारसे काही नाही : एक लांबरुंद निळा सुती सदरा किंवा तपकिरी लोकरीचा झगा. पण सैलपणा दोघांकडे सारखाच.

६/ स्त्रिया बाहेर पडताना घरच्या कपड्यांवर एक मोठा सैल झगा घालीत आणि त्यावरून ‘हबरा’ नावाचे रुंद वस्त्र डोक्यापासून खाली सोडीत. विवाहितेचा हबरा काळ्या रेशमाचा, कुमारिकेचा पांढरा. चेहऱ्यावर ‘बुर्को’. आपला ‘बुरखा’ हा शब्द याच अरबी शब्दावरून आलेला आहे. मात्र मराठीत त्याने सर्वांग झाकणारे वस्त्र सुचते, तर लेनच्या कैरोतील बुर्को म्हणजे डोळ्यांखालून थेट पावलांपर्यंत लोंबणारी मलमलीची पट्टी. शिवाय हा सारा सरंजाम ऐपतदार घरांचा. गावाकडच्या कष्टकरी स्त्रीला तो परवडणाराही नव्हता आणि सोयीचाही नव्हता.

७/ एवढे कापड अंगावर घेऊन माणूस उन्हात टिकतो कसा? १९८० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत चार शास्त्रज्ञांचा एक लहानसा, पण पुढे गाजलेला लेख आला : बदाऊनी अरब तापलेल्या वाळवंटात काळे झगे का घालतात? नेगेवच्या वाळवंटात एका माणसाला भर उन्हात आळीपाळीने काळा झगा, पांढरा झगा, लष्करी गणवेश आणि आखूड चड्डी अशा वेशांत उभे करून मोजमापे घेण्यात आली.

८/ काळे कापड पांढऱ्यापेक्षा अधिक तापले, हे अपेक्षितच. पण ती वाढीव उष्णता त्वचेपर्यंत पोहोचलीच नाही. झगा सैल असल्याने कापड आणि अंग यांच्यामध्ये हवा खेळती राहते. तापलेली हवा वर निघून जाते, चालताना झग्याचा भाता हलतो आणि नवी हवा आत येते. घाम वाळत राहतो, ऊन कापडावरच अडते. दोन्ही झग्यांत देहाला मिळालेली उष्णता सारखीच भरली. म्हणजे खरी करामत रंगाहूनही सैलपणाची. मे महिन्यात डोक्या-कानांवरून दुपट्टा गुंडाळूनच घराबाहेर पडणाऱ्या वैदर्भीय माणसाला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

९/ ऊन आणि मर्यादा हे दोन प्रश्न एकाच सैल वस्त्राने सुटत असतील, तर परक्याने ते सरळ अंगावर घ्यावे! अडचण अशी की त्या काळच्या कैरोत कापड बोलत असे. पैगंबरांच्या वंशजाचा फेटा हिरवा. ख्रिस्ती आणि ज्यू यांचे फेटे काळे, निळे, राखी किंवा फिकट तपकिरी. पगडीवरून माणसाची जात आणि पेशा ताडणाऱ्या पेशवाईतील पुण्याला यात नवल वाटले नसते. अशा शहरात कोणताही पोशाख निव्वळ सोयीचा म्हणून घालता येत नाही; घालताक्षणी तो एखादा दावा करून बसतो.

१०/ मग परक्यांनी कोणता दावा निवडला? १८२० च्या दशकात लेन, रॉबर्ट हे, गार्डनर विल्किन्सन ही अभ्यासू इंग्रज आणि स्कॉटिश मंडळी ‘स्थानिक’ पोशाखात राहत, असे आपण वाचतो. पण तो पोशाख इजिप्शियन शेतकऱ्याचा नव्हता. तो तुर्कांचा, म्हणजे त्या काळी इजिप्तवर सत्ता गाजवणाऱ्या वर्गाचा होता. त्या पोशाखात रस्ता मिळे, मान मिळे, अधिकारी नीट बोलत. निळा सदरा घालून ऊन तितकेच टळले असते, पण वेठीला धरले जाण्याची भीती होती. मर्यादा राखणे आणि रुबाब राखणे ही दोन्ही कामे त्यांनी एकाच काफ्तानाकडून करून घेतली.

११/ वेशाबरोबर आख्खे आयुष्य बदलणाराही एक होता. स्विस प्रवासी योहान लुडविग बुर्कहार्ट याने अरबी भाषा आणि धर्मशास्त्र यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि शेख इब्राहिम या नावाने तो वावरला. १८१२ मध्ये त्याने पेत्राचे अवशेष पाहिले, १८१३ मध्ये अबू सिंबेलची मंदिरे, आणि १८१४ मध्ये तो मक्केला पोहोचला. १८१७ मध्ये कैरोत आजारपणात त्याचा अंत झाला आणि मुस्लिम रीतीने दफन झाले. त्याचा विश्वास हे सोंग होते की श्रद्धा, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. वेश इतका खोल गेला की आतला माणूस कोणता, हे इतरांना ठरवता येईना.

१२/ लेनचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. त्याने मन्सूर हे नाव घेतले, मुसलमान वस्तीत घर केले, काटा-चमचा सोडला, मद्य आणि डुकराचे मांस वर्ज्य केले. हे सारे त्याने आपल्या प्रस्तावनेत प्रांजळपणे सांगितले आहे. त्याचा ग्रंथ आजही मोलाचा मानला जातो. तरीही एक प्रश्न उरतो : ज्या मित्रांनी त्याला आपल्यातला समजून घरची गोष्ट सांगितली, त्यांना ती छापली जाणार हे कितपत ठाऊक होते? परक्या वेशाने मिळालेल्या विश्वासाचे हे ऋण त्या काळच्या प्रवासवर्णनांत क्वचितच कोणी मोजले.

१३/ काफ्तानाला एक दार मात्र उघडता आले नाही : जनानखान्याचे. म्हणून १८४२ मध्ये लेन आपल्या बहिणीला, सोफिया लेन पूल हिला, तिच्या दोन मुलांसह कैरोला घेऊन आला. तिने हबरा आणि बुर्को स्वीकारले, हमामखान्यात गेली, बड्या घरांतील स्त्रियांच्या बैठकींत बसली. तिची कैरोहून लिहिलेली पत्रे १८४४ पासून पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. इजिप्तच्या स्त्रियांचे, एका स्त्रीने जवळून पाहून केलेले इंग्रजीतील हे एक महत्त्वाचे आरंभीचे वर्णन होय.

१४/ सोफियाच्या पत्रांतील एक तपशील या संपूर्ण विषयाचे मर्म सांगून जातो. रस्त्याने जाताना ती तुर्की वेश घालीत असे. पण त्याच्या आत इंग्रजी पोशाख असे, आणि जनानखान्यात पोहोचल्यावर वरची वस्त्रे उतरवून ती इंग्रज स्त्री म्हणून बसत असे. कारण तिनेच दिले आहे : तुर्की पोशाखात बसले असते तर तिथल्या रीतीप्रमाणे लवून मुजरे करावे लागले असते, इंग्रज म्हणून बसल्यावर बरोबरीचा, किंबहुना वरचढ मान मिळे. वरचा थर मर्यादेसाठी, आतला थर प्रतिष्ठेसाठी.

१५/ झाकून वावरण्याचा अनुभव प्रत्येकीला सारखाच आला, असेही नाही. इजिप्त ज्या उस्मानी साम्राज्याचा भाग होता त्याच्या राजधानीत १७१७ मध्ये राहिलेल्या लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हिला तेथील स्त्रियांचा आच्छादित वेश मोकळीक देणारा वाटला : कोणी ओळखत नाही, म्हणून कोठेही जाता येते. १८४९ मध्ये अलेक्झांड्रियातील मशीद पाहण्यासाठी फ्लॉरेन्स नाइटिंगेलने स्थानिक वेश चढवला. तिला मात्र तो अनुभव अतिशय क्लेशदायक वाटला. मेरी राजदूताची पत्नी होती. फ्लॉरेन्स अविवाहित होती, आणि घरच्यांच्या बंधनांतून सुटून काही काम करावे यासाठी आतून झगडत होती. दोघींनी वस्त्राबद्दल लिहिले, पण त्यात स्वतःचे आयुष्यही थोडे लिहिले गेले.

१६/ याच काळात एक प्रवासी उलट दिशेने गेला होता. इजिप्शियन विद्वान रिफाअ अल-तहतावी १८२६ ते १८३१ पॅरिसमध्ये राहिला. त्याचे प्रवासवर्णन १८३४ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्रेंचांच्या वेशाकडे आणि सतत बदलणाऱ्या फॅशनकडे त्याने कुतूहलाने पाहिले. स्त्रियांविषयी त्याने काढलेला निष्कर्ष लक्षणीय आहे : स्त्रीचे शील तिच्या झाकलेल्या वा उघड्या असण्यावर ठरत नाही, ते तिला मिळालेल्या संस्कारांवर आणि शिक्षणावर ठरते. उघड्या चेहऱ्यांच्या देशात गेलेल्या अझहरच्या एका शेखाने १८३४ मध्ये हे लिहिले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१७/ १८४० च्या दशकात चित्र पालटले. आगबोटी आल्या. मुंबईकडे येणारे इंग्रज अलेक्झांड्रियाला उतरून कैरोमार्गे सुएझपर्यंतचे वाळवंट गाडीने ओलांडत आणि पुढची बोट धरीत. युरोपीय चेहरा नवलाईचा राहिला नाही. १८४७ मध्ये मरे या प्रकाशनसंस्थेने काढलेल्या इजिप्तच्या प्रवास-मार्गदर्शिकेत विल्किन्सन, म्हणजे स्वतः वर्षानुवर्षे तुर्की पोशाखात राहिलेला तोच माणूस, सल्ला देतो की आता या पोशाखाची गरज नाही, आणि भाषा न येता तो घालणारा हास्यास्पद ठरतो. मात्र वेश कोणताही असो, तो नीटनेटका असावा. कारण या देशात बाह्य रूपाला फार किंमत आहे.

१८/ सल्ला शहाणपणाचा होता, परंतु त्याचा एक दुष्परिणाम झाला. स्थानिक पोशाख सुटला तसे उन्हाचे स्थानिक ज्ञानही सुटले आणि त्याची जागा युरोपीय वैद्यकाच्या समजुतींनी घेतली. पोटाला गारठा लागून पटकी होते या समजुतीने सैनिक आणि प्रवासी भर उन्हाळ्यात पोटाभोवती फ्लॅनेलचा पट्टा गुंडाळीत. १८८३ मध्ये रॉबर्ट कॉख पटकीच्या शोधासाठी इजिप्तमध्येच आला आणि पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्याने तिच्या जंतूविषयीचे संशोधन पूर्णत्वास नेले. तरीही तो पट्टा त्यानंतर कित्येक वर्षे लोकांच्या कमरेला राहिला.

१९/ दुसरे चिन्ह म्हणजे भेंडाची सोला टोपी. पूर्वेकडे निघालेला साहेब पोर्ट सैदला बोट थांबली की ती विकत घेई. तेथील सायमन आर्त्झ यांचे दुकान त्यासाठी प्रसिद्ध होते. सावली ती देई, यात शंका नाही. पण गोऱ्या माणसाच्या मेंदूला पूर्वेचे ऊन विशेष घातक असते, या समजुतीमुळे ती सक्तीची झाली आणि सत्तेची खूण बनली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने ती बाजूला सारली आणि कोणाचा मेंदू वितळला नाही. फेट्याने तेच काम शतकानुशतके केले होते. पण फेटा बांधला असता तर साहेब कोण, हे कळले नसते.

२०/ या साऱ्या प्रवाहाविरुद्ध गेलेली एक स्त्री म्हणजे ल्यूसी डफ गॉर्डन. क्षयाने पोखरलेली ही इंग्रज लेखिका कोरड्या हवेसाठी १८६२ मध्ये इजिप्तला आली आणि लक्सरच्या प्राचीन मंदिरावर उभ्या असलेल्या एका जुन्या घरात राहिली. देवमाशाच्या हाडांच्या पट्ट्यांनी छाती आवळणारी कॉर्सेट तिने सोडली, सैल कपडे पत्करले, अरबी शिकली. ज्या फुप्फुसांना श्वास पुरत नव्हता, त्यांना ती कॉर्सेट काय सुख देणार होती? तिचा वेशबदल सोंगासाठी नव्हता. तो जगण्यासाठी होता.

२१/ लक्सरच्या लोकांनी तिला आपले मानले. तिला ‘नूर अला नूर’, म्हणजे प्रकाशावर प्रकाश, असे म्हणत. वेठबिगारीने आणि करांनी पिचलेल्या शेतकऱ्यांची दैना तिने पत्रांतून निर्भीडपणे मांडली. गंमत अशी की ती सैल वस्त्रांत शिरत होती त्याच वर्षांत इजिप्तचा अधिकारी वर्ग युरोपीय धर्तीचा कोट आणि लाल तरबूश घालून ‘एफेंदी’ होत होता. १४ जुलै १८६९ रोजी ल्यूसी कैरोत वारली. नोव्हेंबरमध्ये सुएझ कालवा खुला झाला.

२२/ परंतु तिची कहाणी येथे संपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तिची इंग्रज दासी सॅली नॉल्ड्रेट हिनेही मालकिणीबरोबर तोच देश, तेच ऊन आणि तीच मोकळीक अनुभवली. घरातील विश्वासू नोकर ओमर याच्यापासून १८६४ च्या अखेरीस सॅलीला मूल झाले. ल्यूसीने सारा दोष सॅलीच्या माथी मारला आणि तिला कामावरून काढले; ओमर मात्र शेवटपर्यंत सेवेत राहिला. शेतकऱ्याच्या दुःखाने कळवळणाऱ्या बाईला आपल्या दासीचे दुःख दिसले नाही. कॉर्सेट उतरली, मालकीणपण उतरले नाही.

२३/ आणि ज्यांचा हा वेश, त्यांचे काय? १९२३ मध्ये रोम येथील आंतरराष्ट्रीय स्त्री-मताधिकार परिषदेहून परतलेल्या हुदा शारावी यांनी कैरोच्या स्थानकावर चेहऱ्यावरचे आवरण दूर केले. हा निर्णय एका इजिप्शियन स्त्रीने, आपल्या लोकांसमोर, आपल्या जबाबदारीवर घेतला. त्यानंतरच्या शतकात इजिप्तमधील स्त्रियांनी आवरण सोडलेही आणि पुन्हा घेतलेही. त्यावर त्यांच्यातच वाद झाले आणि होत आहेत. परक्या प्रवाशाने या वादात निवाडा देऊ नये. तो ज्या रस्त्यावर दोन घटका उभा आहे, त्यावर त्यांना आयुष्य काढायचे आहे.

२४/ मग आजच्या प्रवाशाने काय घालावे? इतिहासाचे उत्तर साधे आहे. सैल, सुती, खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, डोक्याला सावली. ऊन आणि मर्यादा दोन्ही सांभाळली जातात आणि त्यासाठी कोणाचे सोंग घ्यावे लागत नाही. दुकानातून झगा आणि फेटा विकत घेऊन छायाचित्रापुरते ‘अरब’ होणाऱ्याने विल्किन्सनचा १८४७ चा इशारा आठवावा. मशिदीच्या दाराशी कोणी अंगावर घ्यायला वस्त्र दिले, तर ते मुकाट्याने घ्यावे. यजमानाच्या घरात चपला बाहेर काढताना आपण वाद घालत नाही.

२५/ सोफियाचे दोन थर मात्र विसरू नयेत. वरचे वस्त्र बदलणे सोपे, ते दुकानात मिळते. आतला थर, म्हणजे आपण यांच्याहून वरचे आहोत ही भावना, कोणत्याही हवामानात अंगाला चिकटून राहते, आणि तो उतरवल्यावाचून परक्या देशात खऱ्या अर्थाने पोहोचता येत नाही. लेनला भाषा आली, सोफियाला दारे उघडी मिळाली, ल्यूसीला एका गावाचे प्रेम मिळाले. त्या थराची गाठ प्रत्येकाला कोठे ना कोठे नडलीच.

लेखनसीमा.